पाहुणी अंडी

भाचीच्या शौचाच्या नमुन्यात जंताची अंडी दिसली तेव्हा डॉक्टरांना आनंद झाला. पुढे कितीतरी वेळा त्यांनी तो क्षण मनात उलटसुलट करून पाहिला. आपल्याला भीती वाटली होती, निदान काळजी तरी वाटली होती, असं स्वतःला पटवून पाहिलं. पण नाही, आनंदच झाला होता. अवघड गणित सुटलं की शाळकरी पोराला होतो तसा.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एका लहानशा इस्पितळाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. खिडकीशी सूक्ष्मदर्शक, भिंतीला लागून मोरी, आणि फिनेलचा वास मुरलेली लाकडी कपाटं. आसपासचा भाग ओढ्यांचा आणि पाणथळ कुरणांचा. तिथल्या जनावरांच्या यकृतात पानासारखा चपटा जंत असायचा, लिव्हरफ्लूक, आणि कधीमधी तो माणसांच्या पोरांतही निघायचा. त्याची अंडी ओळखण्यात डॉक्टरांची उभी हयात गेली होती. चारचौघांत त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. लग्नकार्यात ते कोपऱ्यातली खुर्ची आणि खिशातलं पुस्तक धरून बसायचे. पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की माणूस बदलायचा.

"सर, हे बघा तरी!" टेक्निशियन बाई खुर्चीतून उठतच म्हणाल्या. "तुमच्या खारूताईच्या नमुन्यात. केवढालं आहे! एका टोकाला झाकणसुद्धा."

डॉक्टरांनी पाहिलं. पिवळट तपकिरी, लांबट गोल, टोकाला झाकण असलेलं अंडं. बाजूला आणखी एक. शंकेला जागाच नव्हती.

"लिव्हरफ्लूकच ना? अगं बाई, पोरगी आपली! आता हो काय करायचं?"

"काही नाही करायचं," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "बाई, या मुलीनं गेल्या दोन-चार दिवसांत काय खाल्लंय?"

"मला काय माहीत? मी काय तिच्या घरी जेवते?"

"कलेजी खाल्लीय. मीच सांगितलंय. अंगात रक्त कमी आहे, म्हणून दिवसाआड कलेजी द्यायला सांगितलीय मी तिच्या आईला. जनावराच्या यकृतात जंत होता, त्याची अंडी कलेजीबरोबर पोटात गेली आणि जशी आत गेली तशी बाहेर आली. तिला काही झालेलं नाही. नवशिक्या माणूस इथंच फसतो. ही पाहुणी अंडी आहेत. आली तशी जातील."

"पाहुणी अंडी!" बाई खो खो हसल्या. "तुम्ही पण ना सर! मुक्कामाला न राहणारे पाहुणे मी पहिल्यांदाच बघतेय."

डॉक्टर म्हणाले त्यात चूक काहीच नव्हती. असं होतं, पुस्तकात तसं लिहिलेलंही आहे. आणि पुस्तकात लिहिलेलं ऐन वेळी आठवणं हेच तर डॉक्टरांचं आयुष्यातलं एकमेव ऐश्वर्य होतं.

खारूताई म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. समोरच्या दोन दातांमुळे आणि सतत काहीतरी कुरतडत बसायच्या सवयीमुळे तिला ते नाव पडलं होतं. पेन्सिलीचं टोक, फ्रॉकची बाही, कुंपणाची पानं, तिला काहीही चालायचं. डॉक्टर एकटे राहायचे. संध्याकाळी बहिणीकडे जेवायला जायचे, आणि तिथं ही पोर त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून दिवसभराची बातमीपत्रं वाचून दाखवायची. कुणाचं कुणाशी भांडण झालं, बाईंनी कुणाला बाकावर उभं केलं, कुठला दात हलतोय, सगळं. आईला न सांगितलेलंही मामाला सांगायची. जगात डॉक्टरांना आपण होऊन काही सांगणारं माणूस तेवढं एकच होतं.

गेल्या काही महिन्यांपासून तिचं पोट दुखायचं. मधूनच बारीक ताप यायचा, चेहरा उतरला होता. रक्त तपासलं तर ते कमी होतं, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्या पोटात जंत झाले की वाढतात, त्या चांगल्याच वाढल्या होत्या. डॉक्टरांनी जंताचं नेहमीचं औषध दिलं आणि कलेजी सुरू करायला सांगितली. नेहमीचं औषध लिव्हरफ्लूकला लागू पडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेव्हा लिव्हरफ्लूकचा विचारच नव्हता. आणि विचार करायची वेळ आली तेव्हा हाताशी पाहुणी अंडी होती.

त्या संध्याकाळी ते बहिणीच्या इस्त्रीच्या दुकानात गेले. दुकान पुढे, घर मागे. बहीण वाफेच्या ढगात उभी राहून एका शर्टाची कॉलर दाबत होती.

"कलेजी बंद कर," डॉक्टर म्हणाले, आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे आधी तूच सांगितलंस खायला घाल, आता तूच सांगतोस बंद कर. धड काय ते ठरव ना दादा."

"तपासणीपुरती बंद. काही दिवसांनी परत नमुना दे. त्यात अंडी दिसली नाहीत की झालं."

मागच्या दारातून मेहुणा आला. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला कायम ग्रीस आणि जिभेला कायम धार. "दादा, आमच्याकडे लिफ्ट अडकली की आम्ही लिफ्ट उघडून बघतो. तुमच्याकडे पोरीचं पोट दुखलं की तुम्ही बकऱ्याची चौकशी करता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं व्हायचं हं एखाद दिवस."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. खारूताई हसली नाही. उजव्या बरगडीखाली हात धरून ती कपड्यांच्या गाठोड्यावर आडवी झाली होती.

कलेजी थांबवल्यावर आलेला नमुना डॉक्टरांनी स्वतः तपासला. अंडं नव्हतं. स्लाइडचा कोपरान् कोपरा पाहिला, नव्हतं. त्यांनी हलक्या मनानं हात धुतले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं नीट कळेल. लिव्हरफ्लूकची अंडी रोज पडत नाहीत. आज सापडतील, उद्या नाही. आणि पडतात तीही थोडी. म्हणून एका स्वच्छ नमुन्यावर कधी विसंबायचं नसतं. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने घ्यायचे, तेही नुसते काचेवर पसरून पाहायचे नाहीत. पाण्यात ढवळून ठेवायचे, जड अंडी तळाला बसू द्यायची आणि मग तो गाळ तपासायचा. हा नियम त्या इस्पितळात डॉक्टरांनीच घालून दिला होता. परक्या पोराचा एकच नमुना बघून कुणी "काही नाही" म्हटलं असतं तर त्या मितभाषी माणसानं आवाज चढवला असता.

पण परक्या पोराची आई समोर बसली की डॉक्टर टेबलाकडे बघत, संकोचानं का होईना, ठरलेले सगळे प्रश्न विचारायचे. कुठं दुखतं, जेवणाआधी की नंतर, मूल ओढ्याकाठी खेळतं का, पाण्यात उगवणारा पाला कच्चा खातं का. त्या पाल्याला चिकटूनच तर जंताची पिल्लं पोटात जातात. बहिणीला त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? सगळं ठाऊकच असतं. आणि पोरीला विचारायचा प्रश्नच नव्हता, ती तर न विचारता सगळं सांगायची.

त्यानंतरही पोट दुखत राहिलं. कधी सकाळी दप्तर भरताना, कधी जेवताना, कधी खेळता खेळता मध्येच.

"दादा, ही परत शाळेत जात नाही म्हणते," बहीण एकदा फोनवर म्हणाली. आवाजात वैताग होता. "गिऱ्हाईक दारात उभं, आणि ही बाईसाहेब पोट धरून जमिनीवर. खरंच काही नाही ना रे तिला?"

"तपासलंय ना मी."

"मग?"

"नवीन वर्ग आहे, बाई कडक आहेत म्हणत होती. मुलांना मनातलं सांगता येत नाही, मग पोट दुखतं. नाटक म्हणत नाही मी, पण..."

"कळलं," बहीण म्हणाली.

ते "पण" डॉक्टरांनी पुरतं बोललंही नव्हतं. बहिणीनं ते पुरं केलं. त्या दिवसापासून घरात पोटदुखीला नाटक म्हणायला लागले. मेहुणा नक्कल करायचा, पोट धरून कपड्यांच्या ढिगाऱ्यावर कोसळायचा, आणि आधी आधी खारूताईही रडता रडता हसायची. मग तिनं पोटाचं नाव काढणं सोडलं. संध्याकाळी ती खुर्चीच्या हातावर येऊन बसायची, पण बातमीपत्र आखूड झालं होतं. "आज काय विशेष?" तर "काही नाही." डॉक्टरांना वाटलं, पोर मोठी होतेय. पोटाची तक्रार थांबली म्हणजे पोट बरं झालं, असंही वाटलं. चला, आपलं निदान खरं ठरलं.

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पांढऱ्याशुभ्र चादरीवर तिचा हात डॉक्टरांना दिसला. हात पिवळा होता. त्यांनी तिला उजेडाकडे वळवलं, डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली. डोळे पिवळेजर्द. अंग तापलेलं.

"कधीपासून दुखतंय?"

पोरीनं आधी आईकडे पाहिलं, मग मामाकडे. "दुखत नाहीये," ती म्हणाली. आणि डॉक्टरांनी बरगडीखाली बोट टेकवताच तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मेहुणा हातातला पाना टाकून धावत आला.

मोठ्या इस्पितळातल्या बालरोगतज्ज्ञ बाई वयानं डॉक्टरांच्या निम्म्याही नसतील. त्यांनी सोनोग्राफी करवली. पित्ताची नळी फुगली होती, आणि नळीत काहीतरी चपटं होतं. पडद्यावर बघता बघता ते हललं. डॉक्टर मागे भिंतीशी उभे होते. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

बाई कॉटच्या कडेला टेकल्या. "काय गं, तुला पानं-बिनं खायला आवडतात का?"

"कसली?"

"पाण्यात उगवतात ती. ओढ्याच्या कडेला."

"हो," खारूताई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला. "शाळेच्या मागे आहेत. तिखट लागतात. खूप खाल्ली की नाकात झिणझिण्या येतात. आम्ही पैज लावतो, कोण जास्त खातं त्याची. मीच जिंकते."

"केव्हापासून?"

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

बहीण पुढे झाली. "मला कधी बोलली नाहीस गं!"

पोरीनं मान खाली घातली. आणि डॉक्टरांना एकदम जाणवलं की ती आपल्याकडे बघायचं टाळतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर त्या कळशात त्यांनी एकदा डोकावूनही पाहिलं नव्हतं. एवढासा प्रश्न होता. त्याचं उत्तर रोज खुर्चीच्या हातावर येऊन बसत होतं.

दुर्बीण घालून नळी मोकळी केली. निघालेला जंत बाईंनी बशीत आणून दाखवला, एखाद्या भिजलेल्या पिवळ्या पानासारखा. नमुन्याचा गाळ तपासला, त्यात अंडी होती, भरपूर. मग या जंताचं खरं औषध दिलं. घरी सोडताना बाईंनी बजावलं, "आत आणखी जंत असतील, ते आता मरून बाहेर पडतील. त्या वेळी कळ येऊ शकते. नुसती कळ असेल तर घाबरू नका, जाईल. पण कळ थांबली नाही, ताप भरला, लघवी गडद झाली, तर नळी परत अडलीय असं समजा आणि तडक इथं या. मुख्य म्हणजे, पोरीनं सांगायला हवं. दुखलं की लगेच सांगायचं. काय?"

खारूताईनं मान हलवली.

परतताना गाडीत बहीण डॉक्टरांना म्हणाली, "तू होतास म्हणून वेळेवर पिवळं दिसलं रे दादा. आम्हाला काय कळणार होतं?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं की अंडी मी पाहिली होती, पहिल्याच दिवशी, आणि हसलो होतो. पण अंडी दिसली हे तर बहिणीला तेव्हाच माहीत होतं. त्यांनीच तर तिला समजावलं होतं, इतकं सुरेख की तिला अजूनही ते पटलेलं होतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तिला नाटक म्हणू नकोस यापुढे."

"मीच मेली म्हणत होते," बहीण म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "माझंच चुकलं."

"नाही गं," डॉक्टर म्हणाले. पण गाडीच्या घरघरीत तिला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. दुसऱ्यांदा म्हणायचं धैर्य त्यांना झालं नाही.

औषधाला काही दिवस झाले होते. दुपारची वेळ. मेहुणा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. बहिणीला कपडे पोचवायला जायचं होतं, म्हणून डॉक्टर रजा टाकून पोरीपाशी बसले होते. ती चित्र रंगवत होती, ते पुस्तक वाचत होते. म्हणजे पुस्तक हातात होतं. त्यांचं लक्ष तिच्या खांद्यांवर होतं.

खडू थांबला. खांदे वर आले आणि तसेच राहिले.

"दुखतंय का?"

"नाही."

ती उठली, एका हातानं भिंत धरत आतल्या खोलीत गेली, आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही. आवाज होणार नाही असं, हळूच.

डॉक्टर दारापाशी गेले. आतून श्वास ऐकू येत होता, ओठ मिटून घेतलेला.

"मी आत येऊ?"

ते दाराच्या आणखी जवळ सरकले.

"बाळा, त्या डॉक्टरबाई काय म्हणाल्या आठवतं ना? दुखलं तर सांगायचं. मी काही म्हणणार नाही. सांग मला."

"आई आली की सांगते," आतून उत्तर आलं.

दार ढकललं असतं तर उघडलं असतं, कडी नव्हतीच. हात लावून ताप बघता आला असता. उलट बघायलाच हवा होता. डॉक्टरांनी हात वर केला, पण तो दाराला लागला नाही. आज आपण जबरदस्तीनं आत गेलो तर ही पुढच्या वेळी आईलाही सांगणार नाही, एवढं त्यांना समजत होतं. का तेही आपलं नेहमीसारखं पुस्तकातलं शहाणपण? यावेळीही चुकत असलो तर? त्यांनी बहिणीला फोन केला. "लगेच ये. कपडे राहू देत." मग ते जमिनीवरच बसले, दाराला पाठ न लावता, कान लावून.

बहीण धापा टाकत आली. "काय झालं? तू आत का नाहीस?"

"ती तुला सांगेन म्हणतेय."

तिनं भावाकडे क्षणभर पाहिलं आणि काही न विचारता आत गेली. दार पुन्हा लोटलं गेलं. दोघींचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. पोर बोलत होती. खूप वेळ बोलत होती. मध्येच रडली, पुन्हा बोलली. इतकं सलग ती गेल्या कित्येक दिवसांत बोलली नव्हती.

दार किलकिलं झालं. "कळ आलीय म्हणते. जोराची."

"कुठं, विचार. बोटानं दाखवू दे."

बहीण आत गेली, बाहेर आली. "उजवीकडे. बरगडीखाली. आणि पाठीकडे जाते म्हणते."

"सारखी आहे की येते-जाते?"

आत. बाहेर. "येते-जाते. मगाशी फार होती, आता जरा कमी."

"कपाळाला हात लाव. गळ्याखाली लाव."

"थंड आहे. घाम आलाय नुसता."

"लघवीचा रंग?"

"अरे, हे काय विचारू मी..."

"विचार."

या वेळी आतून खारूताईचा आवाज मोठ्यानं आला, वैतागलेला. "नेहमीसारखा आहे, सांग त्याला!"

बहिणीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. "ऐकलंस?"

"ऐकलं." डॉक्टरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला. "ताप दर थोड्या वेळानं बघत राहा. आणि दुखणं वाढलं तर तिला काय वाटतं तेच सांग मला. तुला काय वाटतं ते नको."

बहीण वळली तशी त्यांनी तिला थांबवलं. "कालही दुखलं होतं का, विचार. परवा? आपण कुणी नसताना?"

दार मिटलं. मग बारीक आवाजात सुरुवात झाली, आणि बहीण मध्ये मध्ये "बरं" म्हणत होती, "मग?" म्हणत होती. डॉक्टर बाहेर जमिनीवर बसून राहिले, पुढचा प्रश्न मनात धरून, तिचं सांगून व्हायची वाट बघत.